कॉन्स्टन्स मार्किएविचच्या माहेराचं पुढे काय झालं? (लिसाडेलचं गोर-बूथ घराणं)

केतकी_वाईकर

नमस्कार मंडळी, इतिहास हा माझा अभ्यासाचा विषय नाही, आवड आहे म्हणून वाचते. टिळकांच्या होमरूल लीगबद्दल वाचत होते, एप्रिल १९१६, बेळगाव, आणि वाचता वाचता लक्षात आलं की होमरूल हा शब्द आपण ज्या आयर्लंडकडून घेतला तिथे नेमक्या त्याच आठवड्यात डब्लिनच्या रस्त्यांवर गोळीबार चालू होता. ईस्टरचं बंड, २४ एप्रिलला सुरू झालं. तिथून कॉन्स्टन्स मार्किएविच या बाईंपर्यंत पोचले आणि आता तीन आठवडे झाले, दुसरं काही वाचवतच नाहीये.

बाईंचा जन्म १८६८ चा. माहेरचं नाव गोर-बूथ, स्लायगो काउंटीत लिसाडेल नावाचा मोठा वाडा, साधारण ३२,००० एकर जमीन, प्रॉटेस्टंट, इंग्रजी बोलणारे, पिढ्यानपिढ्या सरदारकी. १८८७ मधे हिला रीतीप्रमाणे राणी व्हिक्टोरियाच्या दरबारात नेऊन पेश केलेलं. आणि हीच बाई १९१६ ला हिरवा युनिफॉर्म घालून, पिस्तूल घेऊन त्याच राज्याविरुद्ध उभी!

पण जिथे बघावं तिथे पुढची सगळी गोष्ट तिचीच सांगतात. मला प्रश्न पडलाय तो तिच्या माहेराचा. तिचा भाऊ होता ना, आई होती, बहिणी होत्या, स्वतःची लहान मुलगी तर ती आजीपाशी ठेवून गेली होती. घरातली लेक अशी सरकारविरुद्ध गेल्यावर घरच्यांनी काय केलं, तोडलं का तिला? आणि देश स्वतंत्र झाल्यावर त्या जमिनीचं आणि वाड्याचं काय झालं, जाळला का लोकांनी?

मी हे का विचारतेय तेही सांगते. माझ्या आजोळची बरीचशी जमीन कूळ कायद्यात गेली, आणि त्याच घरातले आईचे एक काका बेचाळीसला भूमिगत होते. लहानपणी त्या घरात जमिनीबद्दल खूप बोलणं ऐकलं, त्या काकांबद्दल जवळजवळ काहीच नाही. म्हणून असं कुठलंही घर दिसलं की मला आधी मागे राहिलेल्यांचं काय झालं ते जाणून घ्यावंसं वाटतं.

लिफीकाठचा_माणूस

केतकीताई, प्रश्न फार आवडला. मी डब्लिनमधे गेली नऊ वर्षं आहे, स्लायगोला तीनदा जाऊन आलोय आणि लिसाडेल आतून बघितलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सांगा.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, वाडा जाळला नाही. १९२० ते २३ या काळात, म्हणजे आधी इंग्रजांशी लढाई आणि मग आपापसातलं यादवी युद्ध, त्यात देशभर जमीनदारांची पावणेतीनशेच्या आसपास मोठी घरं जाळली गेली. जास्त जाळपोळ इंग्रज निघून गेल्यावर, यादवीत झाली. इथे त्यांना नुसतं बिग हाउस म्हणतात. लिसाडेल मात्र आजही उभं आहे. करड्या दगडाचं, बाहेरून तसं रुक्षच, १८३० च्या दशकात बांधलेलं, नक्षी-बिक्षी जवळजवळ नाहीच, पण खिडकीत उभं राहिलं की एका अंगाला समुद्राची खाडी आणि दुसऱ्या अंगाला बेन बुलबेनचा सपाट माथ्याचा डोंगर, आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या पठाराचा कडा असतो ना तसाच दिसतो, मला पहिल्यांदा बघितला तेव्हा घरची आठवण आली होती.

आत जेवणघरात एक गोष्ट आहे ती सांगतोच. भिंतीलगत चौकोनी सपाट खांब आहेत आणि त्यांच्यावर माणसाच्या उंचीची चित्रं रंगवलीयेत. ही कॉन्स्टन्सच्या नवऱ्याने काढली, काझिमिर मार्किएविच, पोलंडचा चित्रकार, पॅरिसला चित्रकला शिकताना दोघांची ओळख झाली आणि १९०० मधे लग्न. १९०८ च्या सुमाराला तो सासुरवाडीला आलेला असताना त्याने हे खांब रंगवले. आणि चित्रं कोणाची, तर कॉन्स्टन्सचा धाकटा भाऊ मॉर्डंट आहे, पण त्याच्याच रांगेत घरचा बटलर टॉमस किलगॅलन आहे, शिकारखान्याचा राखणदार आहे, जंगल सांभाळणारा माणूस आहे. हा किलगॅलन म्हणजे कॉन्स्टन्सचे वडील सर हेन्री यांच्याबरोबर पार आर्क्टिकच्या बर्फात गेलेला माणूस, सर हेन्रींना उत्तर ध्रुवाकडच्या सफरींचं वेड होतं. मी त्या खोलीत बराच वेळ उभा होतो. जेवायला बसलेल्या मालकांच्या डोक्यावर त्यांचेच नोकर पूर्ण उंचीत उभे, आणि पुढच्या पंधरा वर्षांत हा सगळा डाव उलटणार आहे हे त्या खोलीतल्या कोणालाच माहीत नाही.

आता भावाबद्दल. सर जॉसलिन, कॉन्स्टन्सहून एका वर्षाने लहान. लोक याला विसरतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्या घरातला पहिला मोठा बदल बंदुकीने झालेला नाही, याच्या सहीने झालाय. वडील १९०० ला गेले, १९०३ ला जमीन खरेदीचा मोठा कायदा आला, विंडहॅम कायदा म्हणतात, आणि जॉसलिनने जवळपास लगेचच कुळांना जमीन विकायला सुरुवात केली. हजारो एकर. देशात असं करणाऱ्या पहिल्या मोठ्या जमीनदारांत तो होता. त्याच्याही आधीपासून तो होरेस प्लंकेटच्या सहकारी चळवळीत होता, ड्रमक्लिफला शेतकऱ्यांची सहकारी क्रीमरी उभी राहिली त्यात त्याचा हात होता, म्हणजे आपल्याकडची दूध सोसायटीच समजा. उरलेल्या जमिनीवर फुलांची नर्सरी, त्याचे डॅफोडिलचे कंद लांबलांबपर्यंत जायचे.

मग १९१६. कॉन्स्टन्स सेंट स्टीफन्स ग्रीन या बागेत मायकेल मॅलिनच्या हाताखाली दुय्यम अधिकारी होती, नंतर सगळे बाजूच्या सर्जन कॉलेजच्या इमारतीत गेले. त्या इमारतीच्या दर्शनी खांबांवर गोळ्यांचे खड्डे आजही आहेत, मी ऑफिसला जाताना रोज तिथूनच जातो. शरण यायची वेळ आली तेव्हा समोर जो इंग्रज सैन्याचा कॅप्टन व्हीलर होता तो नात्यातला निघाला, त्याची बायको हिच्या नात्यातली. त्याने मोटारीतून न्यायची तयारी दाखवली, ही म्हणाली नाही, मी माझ्या माणसांबरोबर चालतच येणार. पिस्तुलाचं चुंबन घेऊन ते त्याच्या हातात दिलं. फाशीची शिक्षा झाली आणि बाई म्हणून जन्मठेपेवर आणली, मॅलिनला मात्र गोळ्या घातल्या.

घरच्यांनी तोडलं का, तर नाही. जॉसलिनला बहिणीचं राजकारण अजिबात पटलेलं नव्हतं, पण ती तुरुंगात असताना तिचे पैशाचे आणि घराचे व्यवहार त्यानेच बघितले. मुलगी मेव्ह आजीकडेच वाढली. आपल्याकडे म्हणतात ना, लेकीला माहेर तुटत नाही, तसंच काहीसं.

सातबारा

वरचा प्रतिसाद छान आहे, खांबांची गोष्ट मला माहीत नव्हती. पण जमिनीच्या बाबतीत थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका, कारण जॉसलिनला उदार दाता केलं तर त्या कुळांवर अन्याय होतो.

१९०३ चा कायदा आणि आपला कूळ कायदा यात मोठा फरक आहे. तिथे जमीनदाराला भाव ठरवून रोख पैसे मिळत होते आणि वरून सरकारी तिजोरीतून १२ टक्के बोनस, विकावंसं वाटावं म्हणून. पैसे द्यायचे कोणी, तर ब्रिटिश सरकारने कर्जाऊ आणि फेडायचे कुळाने, सव्वातीन टक्के दराने साडेअडुसष्ट वर्षं! म्हणजे आजोबांनी घेतलेली जमीन नातवाने फेडायची. १९३२ ला, देश स्वतंत्र झाल्यावर, १९१६ च्या बंडातले नेते डी व्हॅलेरा सत्तेवर आले तेव्हा त्यांनी हे हप्ते लंडनला पाठवणंच थांबवलं आणि त्यावरून दोन देशांत सहा वर्षं व्यापारयुद्ध झालं, गुरांचे भाव इतके पडले की वासरं मारून टाकायची वेळ आली. तेव्हा जॉसलिनने विकली हे बरोबर, इतर कित्येकांच्या आधी विकली हेही बरोबर, पण फुकट काही दिलेलं नाही.

आणि त्या घराचा आधीचा इतिहासही बघा. आजोबा सर रॉबर्ट, ज्यांनी हा वाडा बांधला. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात त्यांनी इस्टेट गहाण टाकून लोकांना धान्य पुरवलं असं सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण याच सर रॉबर्टनी त्याच्या दहा-बारा वर्षं आधी बॅलिगिलगनची जमीन विकत घेतल्यावर तिथली कुळं उठवली आणि जहाजात घालून अमेरिकेला धाडली. गावं रिकामी केली आणि कुरण केलं. स्लायगोच्या लोकांनी दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्यात. त्या रिकाम्या केलेल्या शिवाराला आता गूज फील्ड म्हणतात, हिवाळ्यात ग्रीनलंडहून बार्नकल हंस उतरतात तिथे, हजारोंनी, सरकारी राखीव क्षेत्र आहे. पक्षीनिरीक्षक लोक दुर्बिणी घेऊन उभे असतात तिथे एकेकाळी घरं होती.

वाडा का वाचला याबद्दल माझं मत असं की कॉन्स्टन्समुळे वाचला हे अर्धंच खरं असावं. बंडखोर घराण्याशी नातं असूनही घरं जळलीच की, आणि ज्या होरेस प्लंकेटचं नाव वर आलंय, आयुष्यभर शेतकऱ्यांच्या सोसायट्या काढत फिरला, त्याचं फॉक्सरॉकचं घर १९२३ च्या जानेवारीत उडवून-जाळून टाकलं. पुण्याई कामाला आली असं म्हणायची सोय नाही त्या काळात.

मँचेस्टरची_माई

ईव्हाबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून, मग मी लिहिते, कारण मी ज्या शहरात राहते तिथे या घरातली दुसरी लेक येऊन राहिली होती.

ईव्हा म्हणजे कॉन्स्टन्सची दोन वर्षांनी धाकटी बहीण, कविता करायची, तब्येतीने नाजूक. १८९६ ला इटलीत बोर्डिगेरा इथे हवापालटाला गेली असताना तिची एस्तर रोपरशी भेट झाली, एस्तर मँचेस्टरची, बायकांच्या मताधिकाराचं काम करणारी. त्या एका भेटीनंतर ईव्हा ते वाडा-इस्टेट सगळं सोडून मँचेस्टरला आली, काळ्या धुराच्या गिरण्यांच्या शहरात, आणि गिरणीतल्या बायका, फुलं विकणाऱ्या बायका, बारमधे काम करणाऱ्या बायका यांच्या संघटना बांधत राहिली. दोघी शेवटपर्यंत एकत्र राहिल्या. पण निघायच्या आधी, त्याच वर्षी डिसेंबरात, दोघी बहिणींनी ड्रमक्लिफला मताधिकाराची सभा भरवली होती, कॉन्स्टन्स अध्यक्ष, ईव्हा सेक्रेटरी, गावातले पुरुष चेष्टा करायला आलेले.

१९०८ ला इथे पोटनिवडणूक होती, चर्चिल उभा होता, आणि बारमधल्या बायकांची नोकरी घालवणारं बिल त्याच्या पक्षाने आणलेलं. कॉन्स्टन्स आयर्लंडहून खास बहिणीसाठी आली आणि चार पांढऱ्या घोड्यांची गाडी स्वतः हाकत शहरभर प्रचार केला. चर्चिल पडला. हे ऐकलं की मला वाटतं, लहानपणी इस्टेटीवर घोडेस्वारी शिकवली त्याचा केवढा वेगळाच उपयोग झाला.

पण मला सांगायचंय ते पुढचं. पहिल्या महायुद्धात ईव्हा ठाम युद्धविरोधी. लढायला नकार देणाऱ्या पोरांच्या सुनावण्यांना जाऊन बसायची, त्यांना आधार द्यायची. आणि सख्खी मोठी बहीण हातात पिस्तूल घेऊन! तरी १९१६ च्या मे महिन्यात हीच एस्तरला घेऊन डब्लिनला धावली, माउंटजॉय तुरुंगात भेटायला. मग त्याच बंडासाठी जर्मनीची मदत मागणाऱ्या रॉजर केसमेंटची फाशी रद्द व्हावी म्हणून खटपट केली, ती झाली नाही, ३ ऑगस्टला त्याला फाशी दिलं. बहीण इंग्लंडच्या एल्सबरी तुरुंगात असताना दोघींनी एक वेळ ठरवून घेतली होती, रोज त्या ठरल्या वेळी दोघींनी एकमेकींची आठवण काढायची, मनाने भेटायचं. मला यातलं किती खरं किती भाविक हे ठरवायचं नाहीये, मला एवढंच दिसतं की ज्या दोघींचं हिंसेबद्दल कधीच एकमत होणार नव्हतं त्यांनी दिवसातली एक वेळ एकमेकींसाठी राखून ठेवली होती.

मांडवीतीर

गोंयकार हांव, पण मराठीतूनच लिहितो. या घराण्याचा आपल्याशी थेट संबंध आलेला आहे आणि तो कोणी सांगितला नाही म्हणून हा प्रतिसाद.

वर खांबावरच्या चित्रात जो मॉर्डंट आलाय, त्याचा मुलगा पॉल गोर-बूथ. म्हणजे कॉन्स्टन्सचा सख्खा पुतण्या... नाही, आत्या-भाचा नातं, तर भाचा म्हणूया. हा १९६० ते १९६५ दिल्लीत ब्रिटनचा हाय कमिशनर होता! म्हणजे डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य गोव्यात उतरलं तेव्हा ब्रिटनच्या वतीने नेहरूंशी बोलणारा माणूस हाच. ब्रिटनची पोर्तुगालशी शतकांची जुनी दोस्ती, त्यामुळे बळाचा वापर करू नका हा त्यांचा आग्रह, आणि १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिका, फ्रान्स, तुर्कस्तानच्या जोडीने ब्रिटनने भारताविरुद्ध ठराव आणला, तो रशियाने नकाराधिकार वापरून पाडला. १९ तारखेला गोवा मुक्त. माझे वडील त्या दिवशी पणजीत नऊ वर्षांचे होते.

आत्या साम्राज्याविरुद्ध बंदूक घेऊन उभी राहिली आणि भाचा साम्राज्याच्या शेवटच्या वर्षांत त्याचा वकील म्हणून आपल्याकडे आला. आत्या डिसेंबर १९१८ मधे ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली पहिली बाई, तेव्हा हॉलोवे तुरुंगात होती आणि सुटल्यावरही तिथे जाऊन बसली नाही, कारण राजाची शपथ घ्यायची नव्हती. भाचा पुढे परराष्ट्र खात्याचा सर्वोच्च अधिकारी झाला, १९६९ ला लॉर्ड झाला, त्याच संसदेच्या वरच्या सभागृहात बसला. मी त्याला दोष देत नाही, धाकट्या भावांना जमीन मिळायची नाही, त्यांनी नोकरीच करायची, सैन्य नाहीतर सरकार. त्याचा मुलगा डेव्हिडही १९९६ ते ९८ दिल्लीत हाय कमिशनर होता. दोन पिढ्या!

केतकी_वाईकर

कितीतरी मिळालं एका दिवसात, सगळ्यांचे मनापासून आभार. सातबारा, तुमचा मुद्दा पटला, माझ्या आजोळीही आम्ही दिली आम्ही दिली असंच म्हणायचे, ज्यांना मिळाली त्यांच्या घरात ते कसं सांगतात ते मी कधी ऐकलेलं नाही.

माईंचं वाचून डोळ्यात पाणी आलं. लिफीकाठचे दादा, तुम्ही मेव्हचा एका ओळीत उल्लेख केलात आणि पुढे गेलात. आणि जॉसलिनच्या मुलाबाळांचं काय, वाडा आता कोणाकडे? मी मार्चमधे भावाकडे डब्लिनला येणार आहे, बघता येईल का?

लिफीकाठचा_माणूस

सातबारा, मान्य. बोनसचं मी लिहायला हवं होतं.

ताई, जॉसलिनच्या घराची गोष्ट फार जड आहे म्हणून मी थांबलो होतो. आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होता, तरी या घरातली मुलं ब्रिटनकडून लढायला गेली, तशी रीतच होती त्यांच्यात. ब्रायन नौदलात होता, तो १९४० ला मारला गेला. ह्यू १९४३ ला ग्रीसच्या लेरोस बेटावर मारला गेला, आणि ह्यू हाच इस्टेटीचं काम शिकत होता. जॉसलिन स्वतः १९४४ ला वारला. थोरला मुलगा मायकेल मनाने आजारी, त्यामुळे तो कोर्टाच्या ताब्यातला वारस ठरला आणि इस्टेटीचा कारभार सरकारी अधिकाऱ्याकडे गेला. वाड्यात राहिल्या त्या बहिणी, गॅब्रिएल आणि एडीन. गॅब्रिएल कारभार बघत होती, तिला बाजूला केलं, झाडं तोडली गेली, गुरं विकली गेली, छत गळायला लागलं. एडीन १९९४ पर्यंत तिथेच होती, येणाऱ्या-जाणाऱ्यांना तीच घर दाखवायची. २००३ मधे घराण्याने वाडा विकला, नव्या मालकांनी बराच दुरुस्त केलाय. ३२,००० एकरांतलं घराण्याकडे काही उरलं नाही.

मेव्ह. तिचा जन्म लिसाडेललाच, नोव्हेंबर १९०१. आई-बाप डब्लिनला, ही आजीजवळ. वडील १९१३ ला बाहेर पडले, रशियाच्या सैन्यातून महायुद्धात लढले, नंतर वॉर्सात राहिले. आई तुरुंगात, मग मंत्री (१९१९ ला मजूरमंत्री, तिच्यानंतर आयर्लंडच्या मंत्रिमंडळात दुसरी बाई यायला १९७९ उजाडलं), मग परत तुरुंगात. मला कॉन्स्टन्सबद्दल प्रचंड आदर आहे, १९२६ च्या हिवाळ्यात कोळसा मिळत नव्हता तेव्हा साठीला टेकलेली ही बाई स्वतःच्या खटारा गाडीतून जळणाच्या गोण्या आणून झोपडपट्टीसारख्या त्या चाळींचे जिने चढून पोचवायची. पण मलाही एक मुलगी आहे, सात वर्षांची, मेव्हला सोडलं त्याच वयाची, आणि तिथे आलो की माझा आदर अडखळतो. याच्यापुढे मला काही म्हणता येत नाही.

ईव्हा जून १९२६ ला गेली, दोघी बहिणींची आई जानेवारी १९२७ ला, कॉन्स्टन्स १५ जुलै १९२७ ला. सर पॅट्रिक डन हॉस्पिटलच्या सार्वजनिक वॉर्डात, खाजगी खोली तिने घेतली नाही. काझिमिर वॉर्साहून आला होता, मेव्हही आली होती. सरकारने तिच्या पार्थिवासाठी सरकारी इमारत दिली नाही, मग रोटुंडा थिएटरात ठेवलं, आणि रांगेत होते ते त्या चाळींतले लोक.

मार्चमधे जरूर या. लिसाडेल उघडं आहे का ते निघायच्या आधी बघून घ्या, खाजगी घर आहे, रोज उघडत नाहीत. बंद असलं तरी स्लायगोची ट्रेन पकडा, पुढे गाडी लागेल, मी आणेन. बॅलिगिलगनचं शिवार रस्त्यालाच लागतं आणि हंस एप्रिलपर्यंत असतात. जाडं जॅकेट आणा, खाडीवरचा वारा फार बोचतो.